थालस्सा : एका शब्दाचा पैस

बायबलच्या नव्या करारातील मार्काच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात 'थालस्सा', म्हणजे समुद्र, हा ग्रीक शब्द तीन वेळा येतो. येशू पुन्हा समुद्रालगत शिकवू लागला. लोकांची एवढी दाटी झाली की तो मचव्यात चढून समुद्रात बसला. आणि सारा समुदाय समुद्रासमोर जमिनीवर होता. पाणी एकच, नामही एकच; पण पहिल्या ठिकाणी 'पारा तेन थालस्सान', दुसऱ्या ठिकाणी 'एन ते थालस्से' आणि तिसऱ्या ठिकाणी 'प्रोस तेन थालस्सान' अशी रूपे आली आहेत. मार्काची ग्रीक भाषा साधी, काहीशी खडबडीत मानली जाते. तरीही शिकवणारा पाण्यावर आणि ऐकणारे काठावर, हा सारा देखावा त्याने एका नामाच्या विभक्ती आणि त्याआधीची अव्यये बदलून उभा केला आहे. 'समुद्रात बसला' हे शब्दशः वाचले तर चमत्कारिक वाटते, आणि बहुतेक भाषांतरकार तेथे मचव्याचा आधार घेऊन वाक्य सावरून घेतात. मला ते मूळ वाक्य आहे तसेच आवडते. या शब्दामागे मी गेलो तो या वचनापासून.

थालस्सा हे स्त्रीलिंगी नाम आहे आणि ते ग्रीकच्या पहिल्या गणात, म्हणजे नामरूपांच्या पहिल्या वर्गात, चालते. प्रथमा 'हे थालस्सा', षष्ठी 'तेस थालस्सेस', चतुर्थी 'ते थालस्से', द्वितीया 'तेन थालस्सान'. येथील 'हे', 'तेस', 'ते', 'तेन' ही उपपदे आहेत आणि तीही नामाबरोबर चालतात, त्यामुळे वाक्यात नाम कोठेही असले तरी त्याचे काम काय आहे हे दुहेरी कळते. शेवटचा अकार ऱ्हस्व असून तो सकारानंतर येतो, म्हणून षष्ठी आणि चतुर्थीच्या एकवचनात तो टिकत नाही, त्याचा दीर्घ एकार होतो. प्रथमा आणि द्वितीयेत मात्र अकार परततो. 'गौरव' या अर्थाचा 'दोक्सा' हा शब्दही असाच चालतो. स्वराघातही स्थिर राहत नाही: प्रथमेत तो पहिल्या अक्षरावर असतो, षष्ठीत शेवटचे अक्षर दीर्घ झाल्याबरोबर तो दुसऱ्यावर सरकतो. अथेन्सच्या बोलीत हाच शब्द 'थालत्ता' असा होता. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास माघारी निघालेल्या ग्रीक सैनिकांनी डोंगरमाथ्यावरून काळा समुद्र दिसताच ज्या आरोळ्या ठोकल्या, त्या ग्रीक लेखक झेनोफनने 'थालत्ता, थालत्ता' अशाच नोंदवल्या आहेत. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये मात्र सर्वत्र जोडसकाराचे रूप आहे.

संस्कृतच्या वाटेने ग्रीककडे जाणाऱ्या मराठी वाचकाला ही रूपे परकी वाटत नाहीत, पण एका गोष्टीशी त्याला जुळवून घ्यावे लागते. संस्कृतच्या आठ विभक्तींचे काम ग्रीकमध्ये संबोधन धरून पाचांवर आले आहे. ग्रीक षष्ठीने पंचमीला पोटात घेतले आहे. चतुर्थीत तृतीया आणि सप्तमी दोन्ही मिसळल्या आहेत. म्हणून 'एन ते थालस्से' यात आपल्याला जी सप्तमी ऐकू येते, ती रूपाने चतुर्थी असते. विभक्ती कमी झाल्या की त्यांची उणीव अव्ययांना भरून काढावी लागते, आणि मग अव्यय व विभक्ती यांच्या जोडीत अर्थ ठरतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. संस्कृत व्याकरण लहानपणीच मुखोद्गत झालेल्या त्या विदुषीला ही जोडी समोर येताच कोणत्या जुन्या सूत्रांची आठवण होत असेल, हा विचार ही रूपे घोकताना माझ्या मनात नेहमी येतो.

शब्दाची व्युत्पत्ती मात्र संस्कृतशी नाते सांगत नाही. समुद्रासाठी ग्रीकमध्ये जे इतर शब्द आहेत त्यांची कुळे लागतात: 'पोन्तोस' हा आपल्या 'पथिन्' आणि 'पंथ' यांचा भाऊबंद आहे, म्हणजे ओलांडायची वाट म्हणून पाहिलेला समुद्र, 'हाल्स' म्हणजे मीठ आणि म्हणून खारे पाणी, त्यापासून कोळी या अर्थाचा 'हालिएउस' झाला. थालस्साला असे कूळ सापडत नाही. ग्रीक लोक त्या किनाऱ्यांवर येण्यापूर्वी तेथे जी भाषा बोलली जात होती, तिच्यातून तो आला असावा असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. समुद्राचे नाव समुद्रकाठच्या लोकांकडूनच घेतले गेले असावे, हे मला पटण्यासारखे वाटते. नव्या करारात 'पोन्तोस' समुद्र या अर्थाने एकदाही येत नाही; थालस्सा सुमारे ९० वेळा येतो, आणि तो सर्वत्र एकवचनी आहे.

आता या शब्दाच्या खऱ्या अडचणीकडे यावे. मार्क, मत्तय आणि योहान ज्याला थालस्सा म्हणतात ते गालीलचे पाणी समुद्र नाही. ते गोड्या पाण्याचे तळे आहे. लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १३ किलोमीटर, आणि पृष्ठभाग भूमध्य समुद्राच्या पातळीहून २०० मीटरपेक्षा अधिक खाली. यार्देन नदी त्यात उत्तरेकडून शिरते आणि दक्षिणेकडून बाहेर पडते. १९८६ साली दुष्काळाने पाणी हटले तेव्हा वायव्य काठाच्या चिखलात त्या काळातील एक लाकडी नाव सापडली. ती सव्वाआठ मीटरांच्या आसपास लांब आहे. एवढ्या नावा चालतील एवढे ते पाणी. लूक, ज्याचे ग्रीक चारही लेखकांत अधिक सफाईदार, तो या पाण्याला कधीच थालस्सा म्हणत नाही. तो 'लिम्ने' म्हणतो, म्हणजे तळे किंवा सरोवर, आणि मराठी बायबलमध्येही लूकच्या पाचव्या अध्यायात गनेसरेत 'सरोवर' असेच आले आहे. यहुदी इतिहासकार जोसेफसही लिम्नेच लिहितो. थालस्सा हा शब्द लूक वापरतो तो खऱ्या समुद्रासाठी: जात्याची तळी गळ्यात बांधून समुद्रात टाकणे, झाडाला समुद्रात रुजायला सांगणे, शेवटच्या दिवसांत समुद्राच्या गर्जनेने राष्ट्रे घाबरून जाणे.

हा भेद तिसऱ्या शतकात पोर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने नेमका हेरला. शुभवर्तमानकारांनी एका तळ्याला मुद्दाम समुद्र म्हटले, म्हणजे अजाण लोकांना पाण्यावरून चालण्याचा चमत्कार अधिक मोठा वाटावा, असा त्याचा आरोप होता. त्याला उत्तर दिले बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोमने, आणि ते त्याने शुभवर्तमानांवरील विवेचनात दिले नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील दहाव्या वचनावर टिपण लिहिताना दिले. तेथे देव पाण्याच्या संचयांना 'समुद्र' असे नाव देतो. हिब्रूत पाण्याचा कोणताही साठा, खारा असो वा गोडा, 'याम' म्हणवला जातो, तेव्हा पोर्फिरीचा आक्षेप व्यर्थ आहे, असे जेरोमचे म्हणणे. मला हे उत्तर फार मोलाचे वाटते, कारण त्यात भक्तीचा आवेश नाही, कोशाचा पुरावा आहे. गालीलचे तळे हिब्रूत 'याम किन्नेरेत' होते, मृत समुद्र 'याम हमेलाख', म्हणजे मिठाचा याम, होता. मार्क ग्रीकमध्ये लिहीत होता, पण त्या पाण्याला त्याच्या काठावरचे लोक जे म्हणत असतील त्याचाच त्याने ग्रीक प्रतिशब्द ठेवला. लूकने ग्रीक वाचकाच्या भूगोलाला धरून शब्द निवडला. दोघेही प्रामाणिक आहेत. फक्त एकाचे कान काठावर आहेत आणि दुसऱ्याचे वाचकाकडे.

थालस्सावर यामची ही सावली मार्कच्या कितीतरी आधी पडली होती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर सुरू झाले. त्यालाच सेप्टुअजिंट म्हणतात. हिब्रूत याम म्हणजे समुद्र आणि यामच म्हणजे पश्चिम दिशा, कारण कनान देशातून पाहिले तर भूमध्य समुद्र पश्चिमेला आहे. भाषांतरकारांनी अनेक ठिकाणी या दिशावाचक यामसाठीही थालस्साच ठेवला. अब्राहामाने तंबू ठोकला तेव्हा बेथेल 'काता थालस्सान', समुद्राच्या बाजूला, होते असे उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात आपण वाचतो, आणि त्याचा अर्थ केवळ पश्चिमेला एवढाच आहे. हे वाक्य ज्या शहरात लिहिले गेले तेथे समुद्र उत्तरेला होता. भाषांतरकार आपल्या खिडकीतून ज्या दिशेला समुद्र पाहत असेल ती दिशा सोडून, शेकडो वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या देशातील माणसाच्या डोळ्यांनी तो 'समुद्र' लिहीत होता. निर्गमच्या दहाव्या अध्यायात तर गुंता आणखी वाढतो: मिसरमधील टोळ उडवून नेणारा वारा 'आपो थालस्सेस', समुद्राकडून, येतो आणि ते टोळ 'एरिथ्रा थालस्सा'त, तांबड्या समुद्रात, टाकतो. मुळात पहिला याम पश्चिम आहे आणि दुसरा पाणी आहे. ग्रीक वाचकाला मात्र एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडे जाणारा वारा दिसतो.

'एरिथ्रा थालस्सा' हे नावही भाषांतरकारांनी ग्रीक भूगोलातून आयते घेतले. हिब्रूत तेथे 'याम सूफ' आहे, म्हणजे लव्हाळ्यांचा किंवा बोरूंचा याम. तांबडेपणाचा तेथे मागमूस नाही. ग्रीक भूगोलात एरिथ्रा थालस्सा हे नाव आजच्या तांबड्या समुद्रापुरते नव्हते, अरबी समुद्र आणि हिंदी महासागरही त्यात मोडत. पहिल्या शतकात मिसरमधील एका अनाम ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेले जे एरिथ्रा थालस्साचे मार्गवर्णन आहे, त्यात सुप्पारा, कल्लिएना आणि सेमिल्ला, म्हणजे आपले सोपारा, कल्याण आणि चौल, यांची नावे आहेत, आणि घाटापलीकडील पैठण आणि तेर यांचीही आहेत. मोशे ज्यातून कोरड्या पायांनी गेला त्या पाण्याला सेप्टुअजिंटने जे नाव दिले, त्याच नावाच्या समुद्रावर त्या काळच्या ग्रीक व्यापाऱ्याच्या लेखी कोकणचा किनारा होता.

तरीही या शब्दाची सर्वांत मोठी कसोटी एका तीन शब्दांच्या पदावलीत आहे: 'एपि तेस थालस्सेस'. 'एपि' हे अव्यय द्वितीया, षष्ठी आणि चतुर्थी या तिन्हींबरोबर चालते. षष्ठीबरोबर त्याचा नेहमीचा अर्थ 'वर' असा आहे, पण 'पाशी', 'काठी' हाही अर्थ होतो. मार्कच्या सहाव्या अध्यायातील ४८ व्या वचनात येशू रात्रीच्या चौथ्या प्रहरी एपि तेस थालस्सेस चालत शिष्यांकडे येतो. योहानच्या एकविसाव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात पुनरुत्थित येशू शिष्यांना एपि तेस थालस्सेस, तिबिर्याच्या समुद्राकाठी, म्हणजे याच गालीलच्या तळ्याकाठी, दिसतो; तेथे तो पाण्यावर उभा नाही, हे चौथ्या वचनात स्पष्टच आहे. तेच अव्यय, तीच विभक्ती, तेच नाम, आणि एकदा 'पाण्यावर', एकदा 'काठावर'. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हाइन्रिख पाउलुस या जर्मन विद्वानाने याच दुव्यावर बोट ठेवले: येशू काठाने चालत होता आणि अंधारात शिष्यांना तो पाण्यावर आहेसे वाटले, असे त्याने मांडले.

मराठी माणसाला हा पेच समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. आपण संध्याकाळी समुद्रावर फिरायला जातो, बायका नदीवर धुणे धुतात, गुरे तळ्यावर पाण्याला नेतात. यांतील कोणीही पाण्यावर पाऊल ठेवत नाही. आपला '-वर' आणि ग्रीकचा 'एपि' यांचा पैस जवळजवळ सारखा आहे. म्हणूनच मराठी भाषांतरात चमत्काराच्या जागी 'समुद्रावर चालत' न येता 'समुद्रावरून चालत' असे येते, तेव्हा त्या एका 'ऊन'ने केवढे काम केले आहे हे लक्षात घ्यावे. ग्रीक वाक्याने ही मोकळीक ठेवली आहे. मराठीने निवड केली आहे.

निवड बरोबर आहे का? माझ्या मते आहे, आणि त्याचा पुरावा शेजारच्याच वचनात आहे. ४७ वे वचन म्हणते: मचवा समुद्राच्या मध्यभागी होता आणि तो एकटा 'एपि तेस गेस', जमिनीवर होता. लगेच पुढच्या वचनात तो 'एपि तेस थालस्सेस' चालत येतो. अव्यय तेच, विभक्ती तीच. जमिनीच्या जागी फक्त समुद्र आला आहे. मार्कने जमिनीवर असणे आणि समुद्रावर असणे एकाच साच्यात ओतून समोरासमोर ठेवले आहे, तेव्हा पहिल्या ठिकाणी 'वर' आणि दुसऱ्या ठिकाणी 'काठी' असे वाचणे म्हणजे त्या मांडणीकडे पाठ फिरवणे होय. शिवाय ज्याच्या कानात सेप्टुअजिंट घुमत होते त्याला ईयोबाच्या नवव्या अध्यायातील आठवे वचन आठवल्याशिवाय राहिले नसणार: देव एकटा आकाश ताणतो आणि 'जणू जमिनीवर चालावे तसा समुद्रावर चालतो'. तेथेही 'पेरिपातोन' हेच धातुसाधित आहे आणि 'एपि थालस्सेस' हीच षष्ठी आहे. उपपद तेवढे नाही. मत्तयाने हा प्रसंग लिहिताना चौदाव्या अध्यायाच्या २५ व्या वचनात द्वितीया वापरली, 'एपि तेन थालस्सान', आणि २६ व्यात षष्ठी: येताना द्वितीया, कारण तेथे गती आहे, शिष्यांना दिसताना षष्ठी, कारण तेथे स्थान आहे. हस्तलिखितांत या दोन विभक्तींची अदलाबदलही आढळते. म्हणजे नकलकारांनाही हा फरक जाणवत होता आणि कोणती विभक्ती कोठे शोभते याविषयी त्यांची मते होती. व्याकरणाने एकट्याने हा प्रश्न सुटत नाही, हे मी मान्य करतो. पण पाउलुसनेही केवळ पदावली पाहिली, तिच्या शेजारचे वाक्य पाहिले नाही.

मत्तयाच्याच चौथ्या अध्यायात आणखी एक विचित्र रूप आहे आणि त्यावरून घाईने पुढे जाऊ नये. यशयाचे वचन उद्धृत करताना तो 'होदोन थालस्सेस' असे लिहितो, समुद्राची वाट. आधीची 'जबुलूनचा प्रांत, नफतालीचा प्रांत' ही पदे प्रथमेत आहेत आणि मध्येच ही 'वाट' द्वितीयेत येते. तिला द्वितीयेत ओढणारे क्रियापद कोठेच नाही. हिब्रूत 'देरेख' हा शब्द वाट या अर्थाबरोबरच 'च्या दिशेने' असाही वापरला जातो, आणि ते वळण तसेच्या तसे ग्रीकमध्ये उतरले आहे. ग्रीक शाळेतल्या गुरुजींनी तेथे लाल शाई वापरली असती. मला मात्र तेथे हिब्रू वाक्य ग्रीक कपड्यांतून डोकावताना दिसते, आणि दोनच वचने आधी मत्तयाने कफर्णहूमला 'समुद्राकाठचे' असे विशेषण का लावले हेही तेथे उलगडते.

वादळाच्या प्रसंगी मार्क थालस्साला चतुर्थीत आणतो: 'एइपेन ते थालस्से', तो समुद्राला म्हणाला. समुद्र येथे संप्रदान आहे, ज्याच्याशी बोलता येते असा कोणी आहे. शब्द दोनच: 'सिओपा, पेफिमोसो'. पहिला वर्तमानकालीन आज्ञार्थ, गप्प राहा. दुसरा 'फिमोओ' या धातूचा पूर्णकालीन कर्मणि आज्ञार्थ, आणि आज्ञार्थात पूर्णकाळ ग्रीकमध्ये क्वचितच भेटतो. या धातूचा मूळ अर्थ मुसके बांधणे असा आहे. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये हे वचन पौलाच्या परंपरेतील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात याच धातूने आले आहे. पूर्णकाळामुळे अर्थ होतो, मुसके बांधले गेलेलेच राहा. पहिल्या अध्यायात अशुद्ध आत्म्याला हाच धातू साध्या भूतकाळाच्या आज्ञार्थात ऐकवला होता; समुद्राला तो पूर्णकाळात ऐकवला आहे. मराठीतील रूढ 'शांत हो' हे भाषांतर अर्थाला धरून आहे, पण खळ्यातला बैल त्यातून निसटला आहे आणि त्याची मला हळहळ वाटते. शेवटी शिष्य विचारतात, वारा आणि समुद्र यांनीही याची आज्ञा मानावी, असा हा आहे तरी कोण? मार्कने दोन कर्त्यांना क्रियापद एकवचनी दिले आहे, 'हिपाकुएइ'. मत्तयाने ते नीट अनेकवचनी केले आहे.

प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात थालस्सा अनेक रूपांनी येतो. चौथ्या अध्यायात सिंहासनापुढे 'जणू काचेचा समुद्र' आहे, आणि तेथे शलमोनाच्या मंदिरातील ओतीव धातूच्या प्रचंड कुंडाची आठवण होते. बारा बैलांवर टेकलेले, दहा हात व्यासाचे ते कुंड हिब्रूत याम आणि सेप्टुअजिंटमध्ये थालस्साच होते, आणि खास्दी, म्हणजे बाबेलच्या, सैन्याने ते फोडून पितळ नेले असे यिर्मया सांगतो. पंधराव्या अध्यायात विजयी लोक या काचेच्या समुद्रापाशी किंवा समुद्रावर उभे आहेत; येथे 'एपि'बरोबर द्वितीया आहे, आणि येथे मला कोणताच शेजारचा आधार मिळत नाही, म्हणून मी दोन्ही अर्थ उघडे ठेवतो. तेराव्या अध्यायात समुद्रातून श्वापद वर येते. विसाव्यात समुद्र 'आपल्यातील मृत' परत देतो. ग्रीकमध्ये 'एन आवते', म्हणजे 'तिच्यातील', आणि हिब्रूत पुल्लिंगी असलेला याम, ग्रीकमध्ये स्त्री झालेली थालस्सा, आपल्याकडे पुन्हा पुरुष होऊन येतो.

मग एकविसाव्या अध्यायाचे पहिले वचन: नवे आकाश, नवी पृथ्वी, 'काइ हे थालस्सा ऊक एस्तिन एति', आणि समुद्र आता नाही. पहिले आकाश आणि पहिली पृथ्वी यांच्यासाठी भूतकाळ आहे, 'निघून गेली'. समुद्रासाठी वर्तमानकाळ आहे. नवे आकाश सांगितले, नवी पृथ्वी सांगितली, नवा समुद्र सांगितला नाही. उपपदासह आलेला हा तोच परिचित समुद्र आहे. प्रकटीकरणाचा लेखक ज्या पात्म बेटावर होता त्याला चोहोबाजूंनी वेढून असलेल्या पाण्याचा हा निरोप आहे असे काही जण वाचतात, आणि ते वाचन मनाला भिडते. माझा कल वेगळा आहे. तीन वचने मागे जाऊन पाहिले तर याच समुद्राने आपले मृत परत केले आहेत, आणि त्याआधी याच समुद्रातून ते श्वापद वर आले होते. ज्याला मुसके बांधावे लागले, ज्याच्यावरून चालावे लागले, ज्याच्या पलीकडे लोकांना कोरड्या पायांनी न्यावे लागले, तो हा समुद्र. पाणी मात्र संपलेले नाही: पुढच्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात सिंहासनातून जीवनाच्या पाण्याची नदी निघते, आणि तेथे शब्द 'पोतामोस' आहे, पुल्लिंगी, दुसऱ्या गणातला.